जुन्या आघाताबद्दल विचारायचं कसं? नव्या समुपदेशकांसाठी

समुपदेशनाचं शिक्षण संपवून पहिल्यांदा पेशंटसमोर बसणाऱ्या मुलामुलींचं एका ठिकाणी हमखास अडतं. समोरच्या माणसाच्या आयुष्यात मागे काहीतरी भयंकर घडून गेलंय अशी शंका येते, पण ते विचारायचं कसं, हे कळत नाही. काही जण घाबरून विषयच काढत नाहीत. काही जण पहिल्याच भेटीत छापील फॉर्म पुढे सरकवतात आणि 'लहानपणी लैंगिक शोषण झालं होतं का? हो / नाही' असं विचारून मोकळे होतात. दोन्हीकडे नुकसान पेशंटचंच होतं.

माझं मत स्पष्ट आहे. विचारायलाच हवं, पण पेशंटला 'आज नाही सांगायचं' असं सहज म्हणता येईल अशा रीतीनं. आघाताच्या क्षणी माणसाच्या हातात काहीच उरलेलं नसतं. कुठे जायचं, कधी थांबायचं, कुणी हात लावायचा, सगळं दुसऱ्यानं किंवा परिस्थितीनं ठरवलेलं असतं. आपल्या खोलीत त्याला तोच अनुभव पुन्हा येता कामा नये. पुढे जे सांगतोय ते सगळं या एका गोष्टीसाठी आहे. तुम्ही स्वतः थेरपी घेत असाल किंवा घ्यायच्या विचारात असाल, तरी हे वाचा. तुम्हाला कसं विचारलं जायला हवं, याचा अंदाज येईल.

मुळात विचारायचं कशासाठी?

कारण माणसं आपणहून सांगत नाहीत. ती येतात झोप लागत नाही म्हणून, डोकं जड होतं म्हणून, दारू सुटत नाही म्हणून, नवऱ्याशी पटत नाही म्हणून. अमेरिकेत व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांनी सतरा हजारांवर प्रौढांना बालपणातल्या छळाबद्दल, हेळसांडीबद्दल आणि घरातल्या हिंसेबद्दल विचारलं. त्यांचा पहिला अहवाल १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे दोन तृतीयांश लोकांनी निदान एक तरी अनुभव नोंदवला, आणि अनुभव जितके जास्त, तितकं पुढच्या आयुष्यात नैराश्य, व्यसन आणि शारीरिक आजारांचं प्रमाणही जास्त आढळलं. ही माणसं काही मानसोपचाराला आलेली नव्हती, साध्या आरोग्य तपासणीला आली होती.

आपल्याकडे केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, आणि त्यांत निम्म्याहून थोडे जास्त मुलगे होते. बहुतेकांनी ते आधी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. म्हणून पुरुष पेशंटला हा प्रश्न गाळू नका. 'पुरुषांच्या बाबतीत असं कुठे होतं' हे त्यानं आयुष्यभर ऐकलेलं असतं. आपणही विचारलं नाही की त्याचा त्यावर पक्का विश्वास बसतो.

आधी खोली, मग नातेवाईक, मग गोपनीयता

आपल्याकडे पेशंट एकटा क्वचित येतो. सोबत आई, नवरा, सासू, मोठा भाऊ असतो आणि तो आतच बसतो. त्यांच्यासमोर आघाताचा विषय काढायचा नाही, अगदी सोबतचा माणूस कितीही मायाळू वाटला तरी. 'तुम्ही जरा बाहेर बसता का?' असं ऐन वेळी म्हटलं तर घरी गेल्यावर 'काय विचारलं? काय सांगितलंस?' अशी उलटतपासणी होते. त्यापेक्षा पहिल्याच मिनिटाला सगळ्यांना सांगून टाका: 'आमच्याकडे प्रत्येकाशी थोडा वेळ एकट्यानं बोलायची पद्धत आहे. आधी मी यांच्याशी बोलतो, मग तुमच्याशी.' सरसकट नियम असला की कुणाला संशय येत नाही.

मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० सालाच्या सुमारास 'दिलासा' केंद्र सुरू झालं. घरगुती हिंसेच्या खुणा ओळखून बाईला केंद्राकडे कसं पाठवायचं, याचं शिक्षण तिथे डॉक्टर-नर्सना दिलं गेलं. हाडाच्या किंवा स्त्रीरोगाच्या ओपीडीत आलेली बाई मारहाणीबद्दल स्वतःहून बोलत नाही. एकटीला, हळू आवाजात, नीट विचारलं तर बोलते. प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडे वेटिंग रूम असेल तर पंखा मोठा करा, खुर्च्या भिंतीपासून दूर घ्या, नाहीतर विषय पुढच्या भेटीवर ठेवा.

ऑनलाइन सेशनमध्ये सुरुवातीलाच विचारा: 'आत्ता मोकळेपणानं बोलता येईल अशा जागी आहात का? मध्येच कुणी आलं तर काय म्हणाल?' एखादा खुणेचा शब्द ठरवून घ्या. न्यू जर्सीतून किंवा दुबईतून मराठी थेरपिस्ट शोधणारे पुष्कळ असतात. त्यांच्याकडून ते त्या वेळी कुठे आहेत आणि जवळचं कोण आहे, हे आधीच लिहून घ्या. पेशंटची स्थिती बिघडली तर तुम्हाला इथून धावता येणार नाही.

गोपनीयतेच्या मर्यादा प्रश्नाच्या आधी सांगायच्या असतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ पेशंटला गोपनीयतेचा हक्क देतो. पण जिवाला धोका असेल तर ती मर्यादित होते. समोरची व्यक्ती अठराच्या आतली असेल तर पॉक्सो कायदा, २०१२ लागू होतो. त्याच्या कलम १९ नुसार लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. सोळा वर्षांच्या मुलीला 'तू काहीही सांग, कुणाला कळणार नाही' असं वचन देऊन मग पोलिसांत कळवणं म्हणजे तिचा दुसऱ्यांदा विश्वासघात. त्यापेक्षा आधीच म्हणा, 'तू सांगशील ते बहुतेक सगळं आपल्यातच राहील. पण कुणी तुला इजा करत असेल तर मला काही मोठ्या माणसांची मदत घ्यावी लागेल, आणि ती घेताना पुढे काय होणार ते मी तुला आधी सांगेन.'

आधी आज, मग काल

पहिल्या भेटीत आघाताकडे वळण्याआधी आजचं आयुष्य कसं आहे ते पाहा. झोप, जेवण, दारू, घरात मारहाण चालू आहे का, जीव नकोसा होतो का. आत्महत्येबद्दल थेट विचारल्यानं तो विचार डोक्यात येतो, ही भीती निराधार आहे. 'कधी मरून जावंसं वाटतं का? त्यासाठी काही ठरवलंय का?' असं स्पष्ट विचारा. आज जिवाला धोका असेल, माणूस नशेत असेल, भास होत असतील किंवा घरी परत गेल्यावर मार पडणार असेल, तर जुनी कहाणी थांबू शकते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये आघातावरच्या उपचाराचे तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग आठवणींवर काम आणि शोक, मग पुन्हा माणसांत मिसळणं. घाई केली की पहिलाच टप्पा कच्चा राहतो.

वेळेचंही भान ठेवा. पन्नास मिनिटांच्या सेशनमध्ये हा प्रश्न पहिल्या निम्म्या भागात यायला हवा. शेवटच्या दहा मिनिटांत विचारलं तर माणूस उघडा पडलेल्या अवस्थेत रिक्षात बसतो.

प्रश्नाची चढण

थेट नाव घेऊन सुरुवात करू नका. आधी कारण सांगा, मग परवानगी मागा, मग रुंद प्रश्न, मग गरज पडली तर नेमका प्रश्न.

कारण: 'झोपेचा आणि भीतीचा त्रास घेऊन येणाऱ्या सगळ्यांनाच मी मागच्या आयुष्याबद्दल थोडं विचारते. कधीकधी जुन्या घटनांचा आजच्या त्रासाशी संबंध असतो.' सगळ्यांना विचारते, हे खरंच असलं पाहिजे. 'माझ्याकडे पाहून यांना काहीतरी दिसलं' असं पेशंटला वाटलं की तो आक्रसतो.

परवानगी: 'विचारू का? नको वाटलं तर नको म्हणा. थोडं सांगून थांबलात तरी चालेल.' यानंतर खरोखर थांबा. मान हलली म्हणजे होकार, असं धरू नका.

रुंद प्रश्न: 'लहानपण कसं होतं? घरात चूक झाली की काय व्हायचं? घरात कुणाची भीती वाटायची का?' आपल्या पिढ्यांनी पट्ट्याचा मारही 'शिस्त' म्हणून पचवलाय. 'तुमचा छळ झाला का?' याला उत्तर येतं, 'छे, आमचे वडील फार चांगले होते.' पण 'चूक झाली की काय व्हायचं?' याचं उत्तर कधीकधी 'विहिरीवर उलटं धरायचे' असं येतं, आणि सांगताना माणूस हसत असतो.

नेमका प्रश्न: इथे लेबल टाळून घटना विचारायची. मानसशास्त्रज्ञ मेरी कॉस यांनी १९८७ मध्ये अमेरिकेतल्या ३२ शिक्षणसंस्थांतल्या विद्यार्थ्यांचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. त्यात 'बलात्कार' हा शब्द न वापरता, मनाविरुद्ध काय घडलं हे घटनांच्या रूपात विचारलं होतं. कायद्याच्या व्याख्येत बसणारा प्रसंग सांगणाऱ्या मुलींपैकी बहुसंख्य मुली स्वतः त्याला बलात्कार म्हणत नव्हत्या. शब्दावर अडून राहिलं असतं तर त्या मोजल्याच गेल्या नसत्या. म्हणून: 'लहानपणी किंवा नंतर, कुणी तुम्हाला नको असताना हात लावला, किंवा तुमच्याकडून काही करून घेतलं, असं झालंय का?' लग्न झालेल्या बाईला: 'तुमची इच्छा नसताना संबंध ठेवावे लागतात का? नाही म्हटलं तर काय होतं?'

संबोधनाबद्दल एक सांगतो, कारण इकडे कुणी फारसं लक्ष देत नाही. आपण आपुलकीनं पेशंटला 'काका', 'मावशी', 'दादा' म्हणतो, स्वतःलाही 'मला ताई समज' म्हणतो. पण त्रास देणारा माणूस बरेचदा काका, मामा, चुलतभाऊ असतो. नात्याच्या शब्दातच त्या माणसाची सावली असू शकते. पहिल्या भेटीत विचारून घ्या, 'तुम्हाला काय म्हणू?' मोठ्यांना 'तुम्ही' आणि नाव पुरतं. कॉलेजच्या मुलांनाही मी 'तू म्हटलं तर चालेल ना?' असं विचारतो. वाटतं तेवढं हे क्षुल्लक नाही, कारण काय म्हणवून घ्यायचं हे ठरवण्यापासूनच पेशंटच्या हातात काहीतरी येतं.

मथळे पुरेत

नव्या समुपदेशकाची सगळ्यात मोठी चूक इथे होते. पेशंटनं तोंड उघडलं की त्याला वाटतं, आता सगळं बाहेर येऊ द्यावं, मन मोकळं झालं की बरं वाटेल. पहिल्या एक-दोन भेटींत आपल्याला वर्तमानपत्राच्या मथळ्याएवढंच कळायला हवं: साधारण काय झालं, कोणत्या वयात, एकदा की वारंवार, आणि आज त्याचा त्रास कसा होतो. तपशिलाची बातमी नंतर, तयारीनं, आणि तीही उपचाराला लागली तरच.

याला अनुभवाचा आधार आहे. अपघात किंवा आपत्तीनंतर लगेच लोकांना एकत्र बसवून सगळा प्रसंग पुन्हा बोलायला लावायची पद्धत १९८० च्या दशकात फार चालली. पुढे चाचण्या झाल्या तेव्हा अशा एका बैठकीच्या उजळणीनं आघातोत्तर त्रास टळतो असं दिसलं नाही, आणि काहींना तर तो वाढला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये आपत्तीतल्या मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली, तिचा गाभा पाहा, ऐका, जोडून द्या असा आहे. बोलायचा आग्रह त्यात कुठेच नाही.

एक काल्पनिक प्रसंग घेऊ. पुण्यात नोकरी करणारा चाळिशीतला माणूस झोपेची तक्रार घेऊन आलाय.

'झोप कधीपासून बिघडली?'

'तशी नेहमीचीच. गणपती आले की जास्त.'

'त्या दिवसांशी काही जोडलेलं आहे का? आत्ता सांगायचं नसेल तर राहू द्या.'

'आमचं गाव किल्लारीजवळ.'

मराठवाड्यातल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या थोडं आधी झालेला भूकंप. गणपती विसर्जनानंतर दमून झोपलेली गावं. जाड दगडमातीच्या भिंती, वर मातीचं जड छत, आणि सुमारे दहा हजार माणसं गेली. आपल्या तोंडावर प्रश्न येतो, 'घरातलं कोण गेलं?' तो गिळायचा.

'तुम्ही तेव्हा गावातच होता?'

'होतो. बारा वर्षांचा.'

'त्या रात्रीबद्दल आज किती बोलायचं ते तुम्ही ठरवा. मला एवढंच समजून घ्यायचंय, की आजच्या झोपेशी तिचा संबंध आहे असं तुम्हाला वाटतं का?'

तो घड्याळाचा पट्टा अंगठ्यानं घासत राहतो. मग म्हणतो, 'भिंतीला लागून झोपताच येत नाही मला. बाल्कनीत अंथरूण टाकतो. पोरं हसतात.'

'भिंतीजवळ पडल्यावर अंगात काय होतं?'

आता आपण योग्य जागी आलो. किती वेळ ढिगाऱ्याखाली होता, कुणाला बाहेर काढलं, यातलं काही न विचारता आजचं लक्षण हाती लागलं, आणि उपचार सुरू करायला तेवढं पुरतं. घरातलं कुणी गेलं असेल तर त्याचं नाव तो स्वतः घेईल, त्याच्या वेळेनं. दिनदर्शिकेवर मात्र खूण करून ठेवा. अशा माणसाला अनंत चतुर्दशीच्या आठवड्यात सेशन लागतं, आणि ते आपणच सुचवायचं असतं.

बोलता बोलता माणूस हरवला तर

डोळे एका जागी खिळतात, आवाज सपाट होतो, प्रश्नाला उत्तर यायला वेळ लागतो, हातपाय गार पडतात. किंवा उलट, श्वास भराभर चालतो, थरथर सुटते. दोन्हीचा अर्थ एकच: आपण जास्त पुढे गेलो. प्रश्न तिथेच सोडा. तुमचा आवाज थोडा स्पष्ट करा, नाव घ्या, आज कोणता वार आहे, आपण कुठे बसलोय ते सांगा. पाय जमिनीवर टेकवायला सांगा. खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायला लावा, पंख्याचा आवाज ऐकायला लावा, हातात पाण्याचा गार ग्लास द्या. परवानगीशिवाय अंगाला हात लावू नका, धीर द्यायलाही नाही. 'डोळे मिटून खोल श्वास घ्या' हेही सगळ्यांना मानवत नाही. डोळे मिटल्यावर काहींना तोच प्रसंग दिसतो.

हे शहाणपण आधीच वापरता येतं. विषय काढण्यापूर्वी शून्य ते दहा अशी पट्टी ठरवा आणि मध्ये मध्ये विचारा, 'आत्ता त्रास किती?' सहा-सातच्या वर गेला की विषय वळवा. हात वर केला की थांबायचं, अशी खूणही ठरवून ठेवा आणि एकदा सराव म्हणून थांबून दाखवा.

हे विचारू नका

'तेव्हाच का नाही सांगितलंस?' 'ओरडली का नाहीस?' 'परत तिकडे का गेलास?' असे 'का'चे प्रश्न तिनं स्वतःला हजारदा विचारलेले असतात आणि प्रत्येक वेळी स्वतःलाच दोषी ठरवलेलं असतं. भीतीनं अंग थिजणं ही शरीराची आपोआप होणारी प्रतिक्रिया आहे, ते तिला सांगा. 'झालं गेलं गंगेला मिळालं', 'त्यांना माफ करून टाका', 'देवानं वाचवलं हे काय कमी आहे' हेही नको. घरच्यांनी ते पुरेसं म्हणून झालेलं असतं.

आणि सुचवू नका. 'तुमच्या लक्षणांवरून वाटतं, लहानपणी काहीतरी झालेलं असणार. आठवून पाहा' असं म्हणणं धोक्याचं आहे. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या १९९५ च्या प्रयोगात २४ जणांना, ते लहानपणी मॉलमध्ये हरवले होते अशी खोटी गोष्ट घरच्यांच्या हवाल्यानं सांगितली गेली. सुमारे चौथ्या हिश्शाच्या लोकांना ती पूर्ण किंवा अर्धवट 'आठवली'. संमोहनानं विसरलेली आठवण काढून देतो असं कुणी म्हणालं तर पेशंटला तिथून दूर ठेवा. आठवत नसेल तर 'आठवत नाही' हेच त्या दिवसाचं उत्तर.

सांगितल्यानंतरची पाच मिनिटं

तुमचा चेहरा पाहिला जात असतो. दचकू नका, रडू नका, पुढच्या प्रश्नावर उडीही मारू नका. 'हे सांगणं सोपं नव्हतं. तुम्ही सांगितलंत, बरं केलंत. यात तुमची चूक नव्हती.' मग तीन गोष्टी विचारा. आधी कुणाला सांगितलं होतं का, आणि तेव्हा काय झालं? (आईनं थोबाडीत मारली असेल, तर आज पेशंटला तुमच्याकडूनही तेच अपेक्षित आहे.) त्रास देणारा माणूस अजून घरी येतो का, घरातल्या लहान मुलांच्या आसपास असतो का? आणि, हे बोलून आत्ता कसं वाटतंय? प्रौढ व्यक्तीला पोलिसांत जायचा आग्रह करू नका. पर्याय सांगा, वकिलाची आणि मदतकेंद्राची माहिती द्या, निर्णय तिचा.

दाराशी उभं राहून कुणी सगळ्यात मोठी गोष्ट सांगतं, हे नेहमीचं आहे. तेव्हा खाली बसवून उकरत बसू नका. 'हे महत्त्वाचं आहे, मी ऐकलंय, पुढच्या वेळी इथूनच सुरुवात करू' असं म्हणा. रात्री त्रास वाढला तर काय करायचं ते लिहून द्या: कुणाला फोन, कोणता उपाय, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक, जिथे मराठीतही बोलता येतं. मुलांसाठी १०९८.

प्रश्नावल्यांबद्दल थोडक्यात. पीसीएल-५ या आघातोत्तर ताणाची लक्षणं मोजणाऱ्या प्रश्नावलीत वीस प्रश्न असतात, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. एकूण ३१ ते ३३ च्या पुढे गेलं तर आघातोत्तर ताणाचा नीट तपास करावा. ही शक्यतेची खूण आहे, निदान नव्हे. फॉर्म बोलण्यानंतर द्यायचा, बोलण्याऐवजी नाही.

नोंदी कमी आणि पेशंटच्या शब्दांत ठेवा. २०१७ च्या कायद्यानुसार पेशंटला स्वतःच्या नोंदी पाहायचा हक्क आहे, तेव्हा तिनं वाचल्यावर अपमान वाटेल असं काही लिहू नका. ऐकलेलं तुमच्याही अंगावर येतं. अशा दिवसानंतर सुपरव्हायजरशी बोलणं कामाचाच भाग धरा.

पुढच्या भेटीत विषय आपणच हळूच काढा: 'मागच्या वेळी तुम्ही एक अवघड गोष्ट सांगितलीत. त्यानंतरचा आठवडा कसा गेला?' पेशंट 'आज ते नको' म्हणाला तर नको. बरेच जण सांगितल्यानंतरची भेट चुकवतात, लाजेनं किंवा 'जास्त बोललो' या भावनेनं. तेव्हा एक फोन करा, फक्त त्याच व्यक्तीच्या नंबरवर, आणि दुसऱ्या कुणी उचलला तर 'अपॉइंटमेंटसाठी होता' एवढंच सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर विषयाचा एक शब्दही लिहू नका. आपल्याकडे फोन घरातल्या सगळ्यांच्या हातात फिरतो.